साठ नाणी मुशीत गेली, एक उरलं : सराफ बंधूंना खुलं पत्र

सराफ बंधूंनो, पेढीवरच्या काकांनो आणि हल्ली कॉम्प्युटरवर बिलं काढणाऱ्या त्यांच्या पोरांनो,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकतो, मी पोलीस नाही, पुरातत्व खात्याचा नाही, इन्कम टॅक्सवाला तर मुळीच नाही. जुनी चांदीची नाणी बघत फिरणारा एक नोकरदार माणूस आहे. म्हणजे ती अरबी-फारसी अक्षरांची, सुलतानांच्या काळातली, ज्यांना तुम्ही सरसकट 'मोगलाई रुपया' म्हणता आणि आमच्याकडची म्हातारी माणसं 'उर्दू शिक्का' म्हणतात. त्यातली बरीचशी ना मोगलाई असतात ना उर्दू, पण ते पुढे येईलच. गेली सतरा-अठरा वर्षं हे वेड आहे, पगारात बसतात ती घेतो, बसत नाहीत त्यांचे फोटो काढून वजन लिहून ठेवतो, आणि बायको म्हणते की एवढ्यात एक पाटल्यांची जोडी झाली असती, ते खरंच आहे.

पत्र लिहायला कारण झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पैंजणाची कडी तुटली म्हणून एका पेढीवर गेलो होतो. दुकानाचं नाव सांगणार नाही, माणूस भला आहे आणि त्याने केलं ते तुमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं आहे. मला ओळखतात, म्हणून काका सहज म्हणाले, "अहो तुमच्यासारखी नाणी आली होती की मागच्या महिन्यात, चांगली एकसष्ट नग. एक ठेवलंय बघा लक्ष्मीपूजनाला." मी विचारलं बाकीची कुठायत, तर म्हणाले, "लगड झाली."

लगड झाली! म्हणजे साठही नाणी आटवून चांदीची एकच कांडी. पावतीबुक उघडून दाखवलं त्यांनी, काही लपवायचं नव्हतंच. 'चांदी मोड, जुनी नाणी, नग ६१, वजन ६६४ ग्रॅम', पुढे टंच म्हणजे शुद्धता, पुढे आटवताना धरलेली घट, पुढे रक्कम. एवढीच नोंद. कुणी आणली तर म्हणे एक बाई होत्या, सासऱ्याच्या पेटीत निघाली म्हणाल्या, गाव विचारलं नाही.

मग त्यांनी हळदीकुंकवाने माखलेल्या डबीतून ते एक नाणं काढून दिलं. त्यांच्याच काट्यावर ठेवलं, १०.९२ ग्रॅम. उन्हात तिरपं धरलं, कारण अशी नाणी समोरून उजेड टाकला की मुकी होतात, बाजूने उजेड आला की अक्षरं वर उठतात. मधल्या मजकुरात आधी 'अल्-सुल्तान' सापडलं, ते नेहमी सापडतंच, लाम या अरबी अक्षराची ती उंच काठी एकदा डोळ्यात बसली की चुकत नाही. मग फिरोजशाह. मग 'ताज अद्-दुनिया वद्-दीन'. आणि कडेला, जिथे ठसा अर्धा चकतीबाहेर गेलेला असतो आणि जिथे नेमकं सगळं महत्त्वाचं लिहिलेलं असतं तिथे, घासत घासत अहसनाबाद वाचता आलं, आणि साल हिजरी ८०७.

अहसनाबाद म्हणजे गुलबर्गा. म्हणजे हा बहमनी सुलतान फिरोजशाह, १३९७ ते १४२२. आता इथे एक गंमत सांगतो, ती धंद्यातल्या माणसाला उपयोगी आहे. दिल्लीलाही एक फिरोजशाह होऊन गेला, तुघलक, १३५१ ते १३८८. त्याचं चांदीचं नाणं अतिशय दुर्मिळ, कारण त्या काळात दिल्लीला चांदीचा दुष्काळच पडला होता आणि तिकडचा व्यवहार तांबं मिसळलेल्या हिणकस नाण्यांवर चालला होता. इकडे दख्खनमध्ये मात्र बहमनी टंके, म्हणजे त्या काळची रुपयासारखी नाणी, पूर्ण वजनाचे शुद्ध चांदीचे पडत होते. त्यामुळे बाजारात कुणी 'फिरोज तुघलकचा चांदीचा टंका' म्हणून तुमच्या हातात काही ठेवलं तर आधी कडेला अहसनाबाद आहे का बघा आणि आणखी एक, 'ताज अद्-दुनिया' हा किताब बहमनीचा आहे, तुघलकाचा नव्हे. नुसतं नाव वाचून नाणं ओळखणारा माणूस इथे हमखास फसतो, मीही एकदा फसलोय आणि चांगले पैसे घालवलेत.

असो. हिजरी ८०७ म्हणजे इसवी १४०४-०५. साधा हिशेब आहे, हिजरी साल गुणिले ०.९७ अधिक ६२२, वर्षभर इकडे तिकडे होतं पण काम भागतं. आणि १३९६ ते १४०७ हा आपल्याकडे परंपरेने दुर्गादेवीच्या दुष्काळाचा काळ मानतात, बारा वर्षांचा, गावंच्या गावं ओस पडली अशा कथा अजून सांगतात. म्हणजे त्या ऐन दुष्काळात गुलबर्ग्याच्या टांकसाळीत पाडलेलं नाणं माझ्या तळहातावर होतं. आता सांगा, ती एकसष्ट नाणी कुणी कधी बाजूला ठेवली? असा ढीग एकत्र सापडला की त्यातल्या सगळ्यात शेवटच्या सालावरून कळतं, कारण ज्या वर्षी ठेव पुरली किंवा लपवली त्यानंतरचं नाणं त्यात असूच शकत नाही. शेवटचं साल ८०८-०९ निघालं असतं तर दुष्काळात गाव सोडून गेलेल्या कुणाची तरी ती पुंजी असेल असं निदान मनात आलं असतं. शेवटचं साल ८८० निघालं असतं तर गोष्ट पार वेगळी. आता काहीच सांगता येत नाही. साठ नाण्यांची साठ सालं होती, ती लगडीत गेली आणि त्या लगडीचे बहुधा खंडोबाचे टाक आणि बाळाचे वाळे झाले असतील.

तुम्ही म्हणाल, अहो आमचा धंदाच आटवायचा आहे. बरोबर आहे, आणि तो आजचा नाही. फिरिश्ता नावाचा इतिहासकार विजापूरला बसून लिहितो की बहमनी मुहम्मदशहाने आपली सोन्या-चांदीची नाणी चालू केली तेव्हा दख्खनचे सराफ ती मिळतील तशी आटवत सुटले, कारण विजयनगर आणि वारंगळच्या राजांना आपले होन आणि प्रताप, म्हणजे त्यांची सोन्याची नाणीच, बाजारात चालायला हवे होते. सुलतानाने दम दिला, ऐकलं नाही, मग १३६० च्या सुमाराला त्याने सराफांना ठार करवलं आणि धंदा दिल्लीकडून आलेल्या खत्र्यांच्या हाती दिला. फिरिश्ता हे सगळं अडीचशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे आकडा आणि रंग किती खरा ते आपापलं ठरवा. पण बहमनी नाणं आणि सराफाची मूस यांचं वैर साडेसहाशे वर्षांचं आहे एवढं नक्की. मी जीव घ्यायला आलेलो नाही, फक्त एक वही ठेवा म्हणायला आलोय.

आणि खरं सांगू का, ही नाणी तुमच्याच घराण्याची आहेत. सराफ हा शब्दच मुळात अरबी, पैशाची पारख आणि अदलाबदल करणारा तो सर्राफ. त्याचंच इंग्रजांनी श्रॉफ केलं. दिल्लीच्या आणि दख्खनच्या टंक्यांवर बारीक बारीक टोचे, फुल्या, चंद्रकोरी दिसतात, छिन्नीने कडेला घाव घातलेला दिसतो, त्याला नाण्यांचे अभ्यासक आजही श्रॉफ मार्कच म्हणतात. तुमच्या आधीच्या कुणीतरी आत तांबं नाही ना हे बघायला तो टोचा मारला आणि आपली खूण ठेवली. बरेच जण असलं नाणं 'डॅमेज' म्हणून नाकं मुरडतात, मला तसली जास्त आवडतात, बाजारातून फिरून आलेली. टांकसाळ म्हणजे टंकशाळा, दमडीतला दाम थेट ग्रीक द्राख्मपर्यंत जातो आणि अरबांचा दिरहमही त्याच मुळाचा. गझनीच्या महमूदाने १०२७-२८ साली लाहोरला, म्हणजे त्याच्या भाषेत महमूदपूरला, चांदीचं नाणं पाडलं त्याच्या एका बाजूला अरबी कलमा आणि दुसऱ्या बाजूला चक्क संस्कृत, 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. देवळं फोडणारा म्हणून शाळेत शिकलो तोच महमूद. अरबी बाजू म्हणते हा दिरहम, संस्कृत बाजू म्हणते हा टंक. सोमनाथाच्या स्वारीला तेव्हा दोनतीनच वर्षं झाली होती. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मी रात्री झोपलो नव्हतो.

तर ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न. फारसी यायला पाहिजे असं काही नाही. मला तरी कुठे येत होती, आमच्या गल्लीतल्या टेलर चाचांनी मशीन चालवता चालवता अलिफ-बे शिकवलं. तुमच्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे ती म्हणजे काटा. वजन निम्मी ओळख सांगतं. साडेदहा ते अकरा ग्रॅमच्या घरात, जाड आणि रुंदीला आटोपशीर, असं असेल तर टंका, दिल्लीचा किंवा बहमनी. साडेअकराच्या आसपास गेलं तर शेरशहापासून पुढचा रुपया, म्हणजे सोळावं शतक किंवा नंतरचं. नऊ ग्रॅम भरलं तर घासलेलं किंवा कापलेलं म्हणून फेकू नका, मुहम्मद तुघलकाने गादीवर आल्या आल्या मुद्दाम १४० ग्रेनचं अदली नावाचं नाणं काढलं होतं, ते बरोबर नऊच भरतं. तीन ग्रॅमच्या आतलं, पातळ, रुंद, पापडासारखं आणि तीन-चार ओळी ठेंगण्या कोनेदार लिपीत, म्हणजे जुना खलिफांच्या काळातला दिरहम असू शकतो. तो इकडे कसा येईल म्हणू नका, मसूदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमाराला चौलला येऊन गेला आणि तिथे मुसलमान व्यापाऱ्यांची दहा हजारांची वस्ती होती असं लिहितो, आणि पालघरकडे चिंचणीला सापडलेला ९२६ चा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण भागाचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब, बघत होता. तेव्हा कोकणपट्टीतल्या सराफांनी तर डोळे उघडेच ठेवायला हवेत.

कोकणपट्टीवरून आठवलं, लारी! हे तुमच्यातल्या नव्वद टक्के लोकांनी नाणं म्हणून ओळखलंच नसणार, शपथेवर सांगतो. चांदीची जाड तार मधे दुमडलेली, केसाच्या आकड्यासारखी, पाच ग्रॅमच्या आतली, आणि चेपट केलेल्या भागावर चार-दोन तुटकी अक्षरं. मूळची इराणातल्या लार गावची म्हणून लारी. आखातापासून कोकणापर्यंत व्यापारात चालायची, आणि विजापूरच्या अली आदिलशहाने, दुसऱ्याने, स्वतःच्या नावाने काढली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या ऐन काळात. अक्षरं ठशात कधीच पूर्ण मावायची नाहीत, तारेची जागाच तेवढी, त्यामुळे एका लारीवर 'अली' तर दुसरीवर 'आदिल' आणि तिसरीवर सालाचे दोन आकडे असं जोडून जोडून वाचावं लागतं. आता असला आकडा मोडीच्या ढिगात आला तर तुम्ही काय करणार? तुटकं नथीचं नाहीतर अंबाड्याचं काहीतरी म्हणून सरळ मुशीत.

सोपी समजून लोक ज्यात गोंधळ घालतात ते अलाउद्दीन खिलजीचं नाणं. हे काही दुर्मिळ नाही, चांदीचे टंके भरपूर आहेत, म्हणून कुणी लाखाची बात करायला लागला तर हसा आणि चहा पाजून पाठवा. पण त्यावर खिलजी हा शब्द कुठेच नाही, नाव मुहम्मदशाह असं आहे आणि शिवाय 'दुसरा सिकंदर' अशी पदवी लावून घेतलेली. मी तीन ठिकाणी हे नाणं मोगल मुहम्मदशहाचं म्हणून विकताना पाहिलंय, चारशे वर्षांची चूक. कडेला गोल फिरवून मजकूर असतो, 'जुरिबा हाजिहिल फिज्जा बि-हजरत दिल्ली', ही चांदी हजरत दिल्लीत पाडली, आणि पुढे साल आकड्यात नाही तर अरबी शब्दांत, आधी एकं, मग दहं, मग शेकडा. 'सबअमिअत' दिसलं की सातशे. ही कडेची ओळ पूर्ण असेल तर भाव, कापली गेली तर निव्वळ चांदी. टांकसाळ दिल्लीऐवजी दुसरी निघाली तर मात्र सांभाळा, अलाउद्दीनची देवगिरी किल्ल्याच्या टांकसाळीची सोन्याची नाणी आहेत, ती कुणाच्या नशिबात असतील ते असोत. आणि मला ते 'ही चांदी' वाचताना दर वेळी एकच वाटतं. १२९६ ला हाच माणूस देवगिरीची लूट घेऊन गेला आणि त्याच जोरावर दिल्लीच्या गादीवर बसला. त्या टंक्यातली थोडीफार चांदी रामदेवरायाच्या खजिन्यातली नसेल कशावरून?

एक फसगत अजून, खलिफाचं नाव. जुन्या दिल्ली टंक्यांवर बगदादचा खलिफा मुस्तअसिम याचं नाव येतं. त्याला मंगोलांनी १२५८ साली मारलं, पण दिल्लीची नाणी त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षं, पार जलालुद्दीन खिलजीपर्यंत, त्याच्याच नावाने पडत राहिली. मेलेल्या माणसाच्या नावाने कारभार, आपल्याकडे सातबाऱ्यावर असतो तसा. तेव्हा खलिफाच्या नावावरून साल ठरवू नका.

नकलीचं तुम्हाला मी काय शिकवणार. तरी सांगतो, ओतीव नक्कल कडेने बघा, सांधा घासलेला दिसतो, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे. रझिया सुलतानाचं चांदीचं नाणं कुणी स्वस्तात देत असेल तर ती रझिया गेल्या वर्षी जन्मलेली आहे असं समजा.

आता कडू विषय. शेतात नांगरताना, पाया खणताना सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, दहा रुपयांवरची कुठलीही पुरलेली वस्तू सापडली की कलेक्टरला कळवायचं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू होतं, त्याचा धंदा करायला लायसन लागतं आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. कायदा असावाच, माझं दुमत नाही. पण त्या १८७८ च्या कायद्यात सरकारने ठेव घ्यायची ठरवली तर मोबदला काय, धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. त्यातही शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. शेतकरी विचार करतो की तहसीलला खेटे घालण्यापेक्षा सराफाकडे टाकलेलं बरं, तुम्ही विचार करता की नाणं म्हणून ठेवलं तर भानगड आणि आटवलं तर नुसती चांदी, कोण विचारणार. म्हणजे कायद्याने नाणं वाचवायच्या ऐवजी सगळ्यात सुरक्षित जागा मूस करून ठेवलीय. स्वीडनमध्ये गोटलंड बेटावर १९९९ ला एका शेतात ६७ किलो चांदी निघाली, त्यात चौदा हजारांवर अरबी नाणी होती, पण एकेक मोजलं, वाचलं, नोंदवलं, म्हणून त्यातलं एक असं सापडलं ज्यावर 'मूसा अल्लाहचा रसूल' लिहिलंय, ज्यू धर्म घेतलेल्या खझर लोकांनी ८३७-३८ च्या सुमाराला पाडलेलं. आपल्याकडे ते तीन ग्रॅम मोड झालं असतं.

मागणं काय माझं, तर एवढंच. शेतात सापडलं म्हणून कुणी आणलं तर घेऊ नका, त्याला तहसीलदाराकडे धाडा, त्यात तुमचंही भलं आहे. घरातलं वडिलार्जित म्हणून आलं आणि त्यावर फारसी अक्षरं दिसली तर भट्टी चार दिवस थांबवा. वजन दोन दशांशापर्यंत, दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात, कुठल्या गावचं आणि बरोबर आणखी काय होतं ते, एवढं एका वहीत लिहा. गिऱ्हाइकाचं नाव नको, गाव पुरे. चिंच, लिंबू, रिठे, ते डिपचं पाणी, काही लावू नका, काळा थर हा मळ नसतो, आणि कडी झाळून ताईत करू नका, झाळ दिली की नेमकी कडेची टांकसाळ जाते. वाचायला कुणी नसेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. आणि आमच्यासारखे फुकटे वाचक प्रत्येक जिल्ह्यात दोनचार असतातच, चहावर येतात. मालकाला सांगा की चांदीपेक्षा दोन पैसे जास्त मिळू शकतात, मग तोही थांबतो, माणूस आहे शेवटी.

कितीतरी सराफ हे आधीपासून करतात, मला माहीत आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आजोबांनी तर चाळीस वर्षांच्या नाण्यांचे शाईने घेतलेले ठसे वहीत जपलेत, त्यांना हे पत्र लागू नाही, त्यांनी रागावू नये.

आणि त्या मराठवाड्यातल्या काकांना, वाचत असाल तर, ते एक नाणं मी मागितलं होतं आणि तुम्ही 'लक्ष्मी विकत नाही' म्हणालात, ते मला आवडलं. तुमच्याकडेच राहू द्या. फक्त दर दिवाळीला तुम्ही ते रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख करता ना, ते या वर्षी करू नका. ८०७ मधला सात आत्ताच जेमतेम दिसतोय.

आपला,
पैंजण दुरुस्तीला आलेला एक गिऱ्हाईक